पापनाशम् : भाताच्या मुलखातली देवळे

पापनाशम् हे तंजावर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. कुंभकोणम त्याच्या पूर्वेला साधारण १५ किलोमीटरवर आणि तंजावर पश्चिमेला २५ किलोमीटरवर आहे. दोन्ही शहरे प्रसिद्ध असल्याने प्रवासी एकीकडून दुसरीकडे निघून जातात आणि मधला मुलूख बसच्या किंवा आगगाडीच्या खिडकीतून तेवढा पाहतात. तमिळनाडूत याच नावाचे दुसरे गाव तिरुनेलवेलीच्या बाजूला, पश्चिम घाटाच्या पायथ्याशी ताम्रपर्णीकाठी आहे. तिथे धबधबा आणि धरण आहे, त्यामुळे चौकशी करताना घोटाळा होतो. इथे ज्याचा विचार करायचा आहे ते पापनाशम् कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातले, संपूर्ण सपाट जमिनीवरचे.

या मुलखाची ओळख पाण्यापासून करून घ्यावी लागते. तिरुचिरापल्लीच्या पुढे कल्लणै बंधाऱ्यापाशी कावेरीचे पाणी वाटले जाते आणि तिथून पूर्वेला नद्यांचे जाळे पसरते. कुडमुरुट्टी, वेण्णार, वेट्टार, अरसलार, तिरुमलैराजन ही त्यांतली काही नावे. कल्लणै बांधण्याचे श्रेय परंपरेने करिकाल चोळाला दिले जाते. वाळूत दगड रुतवून पाया घ्यायची त्या बंधाऱ्याची पद्धत आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात बारकाईने पाहिली आणि पुढे गोदावरीवरच्या धवळेश्वरमच्या कामात ती वापरली. १९३४ साली मेट्टूरचे धरण झाले. तेव्हापासून १२ जून ही तिथून पाणी सोडण्याची ठरलेली तारीख आहे. पाऊस चांगला असेल त्या वर्षी ती पाळली जाते, नसेल तेव्हा लांबते. जूनच्या पाण्यावर येते ते कुरुवै भात, ऑगस्टच्या सुमारास लावून जानेवारीत कापतात ते सांबा. आषाढाच्या सुमारास येणाऱ्या आडि महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या आरंभी, बायका नदीकाठी जमून भरल्या पाण्याची पूजा करतात. भाताची खाचरे, त्यांना पाणी देणारे पाट, बांधावरचे माड आणि मधूनच डोकावणारे एखादे गोपुर, एवढ्याच गोष्टींनी इथले सगळे क्षितिज बनलेले आहे.

यात डोंगर कुठेच नाही. मराठी वाचकाने ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. सह्याद्रीत कारागिराने समोरचा कडाच कोरला आणि लेणे केले. कावेरीच्या गाळात हाताला दगड लागत नाही. देवळासाठी लागणारा प्रत्येक चिरा तिरुचिरापल्ली-पुदुक्कोट्टैकडच्या खडकाळ भागातून ओढून आणावा लागला. तरीही दगडी देवळांची इतकी दाटी भारतात फार थोड्या ठिकाणी असेल. हा खर्च भाताने सोसला. राजा देवळाला जमीन देई, जमिनीचे धान्य देवळाच्या कोठारात येई. पुजारी, गवई, नर्तकी, माळी, कुंभार, हिशेबनीस या साऱ्यांचा पगार त्या धान्यातून निघे. चोळांचे शिलालेख अशा नेमणुकींच्या तपशिलांनी भरलेले आहेत.

हे सगळे एका जागी पाहायचे तर पापनाशम् गावाला लागूनच असलेल्या तिरुप्पालैत्तुरैच्या पालैवननाथर देवळात जावे. देऊळ जुने आहे. सातव्या शतकातल्या अप्पर या शैव संतकवीने ते गायिले आहे. पण इथली विशेष वस्तू गाभाऱ्यात नाही, आवारात आहे. ते आहे विटांचे भले मोठे गोल कोठार, सुमारे ३६ फूट उंच, वर निमुळते होत गेलेले. तंजावरच्या नायक राजांच्या काळात, सतराव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशात ते बांधले गेले. त्यात ३००० कलम धान्य मावे असे सांगतात. कलम हे धान्याचे जुने तमिळ माप. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने ते संरक्षित स्मारक म्हणून जाहीर केले आहे. त्यावर शिल्प नाही, लेख नाही, नक्षी नाही. गोल भिंतीला कोपरा नसल्याने धान्याचा दाब सगळीकडे सारखा पडतो, कोपऱ्यात ओल धरत नाही आणि धान्य अडून राहत नाही. त्रिभुज प्रदेशातल्या शेकडो देवळांमागे असलेला व्यवहार डोळ्यांना दिसेल अशा रूपात फार कमी ठिकाणी उरला आहे. म्हणून हे कोठार इथल्या कुठल्याही गोपुराइतकेच मोलाचे आहे.

गावातले दुसरे महत्त्वाचे देऊळ रामलिंगस्वामीचे. लोक त्याला १०८ शिवालय म्हणूनच ओळखतात. खर-दूषणांच्या वधाचे पाप फेडण्यासाठी रामाने इथे वाळूची लिंगे स्थापली, एक लिंग हनुमंताने काशीहून आणले आणि मिळून १०८ झाली, अशी स्थलकथा आहे. रामेश्वरच्या कथेशी तिचे नाते उघड आहे आणि या क्षेत्राला पूर्वेकडचे रामेश्वर असेही म्हणतात. आत गेल्यावर रांगेने मांडलेली लिंगे दिसतात. एकेकापुढे थांबून नमस्कार करत जाणारे भाविक तिथे नेहमी भेटतात.

कर्नाटक संगीत ऐकणाऱ्यांना गावाचे नाव आणखी एका कारणाने माहीत असते. पापनाशम् शिवन (१८९०–१९७३) हे तमिळ भाषेतले मोठे रचनाकार. त्यांचा जन्म पोलगम या गावचा. पण नाव लागले ते पापनाशम्‌चे. बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात त्यांनी असंख्य गाणी लिहिली आणि १९३९ च्या ‘त्यागभूमी’ चित्रपटात भूमिकाही केली. लोक त्यांना तमिळ त्यागराज म्हणत. १९७२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

तंजावर-कुंभकोणम हा रेल्वेमार्ग पापनाशम्‌च्या दोन्ही बाजूंची ठिकाणे ओळीने जोडतो. तंजावरहून निघाले की पशुपतिकोविल, अय्यमपेट्टै, पंडारवाडै, पापनाशम्, सुंदरपेरुमाळकोविल, स्वामिमलै, दारासुरम आणि मग कुंभकोणम अशी स्थानके येतात. सवारी गाड्या यांपैकी बहुतेक ठिकाणी थांबतात. मुलूख समजून घ्यायला या क्रमाइतका सोयीचा दुसरा क्रम नाही.

पशुपतिकोविलजवळ पुळ्ळमंगै नावाचे लहानसे खेडे आहे. तिथले ब्रह्मपुरीश्वराचे देऊळ दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातले, पहिल्या परांतक चोळाच्या काळचे. तंजावरचे बृहदीश्वर पाहून आलेल्याला ते फारच छोटे वाटेल. पण चोळ शिल्पकारांचा हात सर्वांत नाजूक कुठे चालला असे विचारले तर जाणकार याच देवळाकडे बोट दाखवतात. भिंतीच्या तळाशी, गुडघ्याच्याही खाली, वीतभरही नसलेल्या चौकटी आहेत. त्यांत रामायणातले प्रसंग आणि शिवाची रूपे कोरली आहेत. पाहण्यासाठी जमिनीवर बसावे लागते. बोटाएवढ्या आकृतीत धनुष्य ताणलेल्या खांद्याचा जोर, मान वळवून बघणाऱ्या बाईचा डौल स्पष्ट कळतो. वरच्या कोनाड्यांत गणपती आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना छोटे छोटे गण दाटीवाटीने कोरलेले. उत्तरेच्या भिंतीवर महिषाच्या मस्तकावर उभी असलेली दुर्गा आहे. तिच्या चेहऱ्यावर क्रोध नाही, काम संपवून उभी असल्याचा शांतपणा आहे. दगड दुरून आणलेला, म्हणून त्याचा कणही वाया जाऊ द्यायचा नाही, अशा जपणुकीने केलेले हे काम आहे.

अय्यमपेट्टै हे विणकरांचे गाव. या पट्ट्यातले पुष्कळ रेशीमविणकर सौराष्ट्री समाजाचे आहेत. घरात ते जी भाषा बोलतात ती गुजरातीच्या जवळची आहे आणि तिच्यात मराठीच्या ओळखीचे शब्दही सापडतात. दारासुरमलाही त्यांची वस्ती आहे. गल्लीतून जाताना मागांचा आवाज येतो.

पंडारवाडै, राजगिरी, कपिस्थलम आणि स्वामिमलै या भागात कावेरीकाठाने पानमळे आहेत. कुंभकोणमचे विड्याचे पान म्हणून जे नावाजले जाते ते या गाळाच्या जमिनीतले. २०२५ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. वेल चढवायला इथे हादग्याची झाडे लावतात. आधी हादगा वाढू द्यायचा, मग त्याच्या बुंध्याशी वेल लावायचा आणि वाढेल तसा सोपटाने बांधत न्यायचा. दोन ओळींमधल्या चरात पाणी कायम खेळते. आपल्याकडच्या पानमळ्यांशी परिचय असलेल्याला ही मांडणी पाहताक्षणी कळेल.

पापनाशम्‌च्या उत्तरेला, कावेरीच्या काठी कपिस्थलम आहे. तिथले गजेंद्रवरदाचे देऊळ वैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांपैकी एक. मगरीने पाय धरलेल्या गजेंद्राला विष्णूने इथे सोडवले असे मानतात. नदीच्या काठानेच तिरुवैयारूच्या दिशेला गेले की गणपती अग्रहारम लागते. महाराष्ट्रातल्या वाचकाला या गावाची रीत ऐकून नवल वाटेल. गणेशचतुर्थीला इथे घरोघर मातीची मूर्ती आणत नाहीत. सगळे गाव देवळातल्या महागणपतीकडे जाते आणि तिथेच नैवेद्य दाखवते. गावाचा गणपती एकच, अशी ही भावना आहे.

पापनाशम्‌च्या दक्षिणेला सुमारे ६ किलोमीटरवर वेट्टार नदीच्या बाजूला तिरुक्करुकावूर आहे. इथल्या देवीचे नाव गर्भरक्षांबिका. तमिळनाडूभरातून, आणि बाहेरूनही, गर्भवती स्त्रिया आणि अपत्याची इच्छा असलेली जोडपी इथे येतात. देवीपुढे ठेवलेले एरंडेल तेल आणि तूप प्रसाद म्हणून घरी नेतात. याच देवळातले शिवलिंग वारुळाच्या मातीचे मानले जाते, त्यामुळे त्यावर पाण्याचा अभिषेक करत नाहीत. जवादी मांजरापासून मिळणारे पुनुगु हे सुगंधी द्रव्य त्याला लावतात. बाळ घेऊन नवस फेडायला आलेली कुटुंबे इथल्या मंडपात रोज दिसतात आणि देवळाचे वातावरण घरच्या कार्यासारखे असते.

त्याच बाजूला मेलट्टूर आहे आणि या गावासाठी मराठी माणसाने वेगळा वेळ काढायला हवा. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरच्या अच्युतप्प नायकाने ५१० ब्राह्मण कुटुंबांना घर, जमीन आणि विहीर देऊन वसवले अशी या गावाची परंपरा सांगते. ही मंडळी तेलुगू भाषक. त्यांनी भागवतमेळा हा नाट्यप्रकार जपला. त्यागराजांचे समकालीन मेलट्टूर वेंकटराम शास्त्री यांनी त्यासाठी प्रह्लादचरित्र, उषापरिणय, हरिश्चंद्र अशी तेलुगू नाटके लिहिली आणि आजही तीच होतात. नृसिंहजयंतीच्या सुमारास, वरदराजाच्या देवळासमोरच्या रस्त्यावर मंडप घालून रात्री खेळ सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. सगळी पात्रे पुरुषच करतात, स्त्रियांचीही. आधी कोणंगी हा विदूषक येतो, मग गणपतीचा मुखवटा घातलेला मुलगा, आणि त्यानंतर कथा उभी राहते. तळकोकणातला दशावतार पाहिलेल्याला ही रचना ओळखीची वाटेल. नृसिंहाचा मुखवटा मात्र येथे सोंगाचे सामान नाही. त्याची पूजा होते आणि तो धारण करणारा त्या दिवशी उपवास करतो. प्रेक्षकही स्तंभातून नृसिंह प्रकट होतो तेव्हा हात जोडून उभे राहतात.

नायकांनंतर या कलेला आश्रय दिला तो भोसल्यांनी. व्यंकोजीराजे १६७५–७६ च्या सुमारास तंजावरच्या गादीवर आले आणि १७९९ मध्ये कारभार इंग्रजांकडे जाईपर्यंत हा सगळा मुलूख त्यांच्या घराण्याकडे होता. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (राज्यकाळ १६८४–१७१२) स्वतः नाटककार होते. त्यांनी तेलुगूत यक्षगाने रचली आणि मराठीतही नाटके लिहिली. त्यांच्या नावावर असलेले ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे नाटक १६९० च्या आसपासचे मानतात. विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीत झाले ते १८४३ साली. मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना आपण सांगलीपासून सुरुवात करतो. पण त्याआधी दीडशे वर्षे मराठी नाटके कावेरीकाठी लिहिली जात होती, आणि भागवतमेळ्यासारखी परंपरा त्यांच्या शेजारीच नांदत होती. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. याच शहाजीराजांनी १६९३ मध्ये कुंभकोणमजवळचे तिरुविशनल्लूर हे गाव विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. कुंभकोणमच्या दक्षिणेला मरुदानल्लूर येथे सद्गुरुस्वामींनी (१७७७–१८१७) घालून दिलेल्या भजनपद्धतीत मराठी अभंगांना स्थान आहे. पुढे तंजावरच्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी ही मराठी वृत्ते तमिळ कथेकऱ्यांनी आपलीशी केली. तमिळ घरांत भजनाच्या वेळी तुकोबांचा अभंग ऐकू येतो तो या वाटेने आलेला आहे.

पुन्हा रेल्वेमार्गावर आले की स्वामिमलै येते. मुरुगनच्या सहा प्रमुख क्षेत्रांपैकी हे एक. डोंगर नसलेल्या या मुलखात मुरुगनसाठी डोंगर रचावा लागला. देऊळ उंच दगडी थरांवर बांधले आहे आणि वर जायला ६० पायऱ्या आहेत, साठ संवत्सरांच्या साठ. इथेच मुरुगनने आपल्या पित्याला प्रणवाचा अर्थ सांगितला, म्हणून तो येथे गुरू आहे.

स्वामिमलैचे दुसरे वैभव म्हणजे ओतीव मूर्ती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना स्थपतींचे कारखाने आहेत आणि बहुतेक ठिकाणी काम पाहू देतात. नारळाच्या झावळीची पट्टी मूर्तीच्या उंचीइतकी कापतात. तिला ठरावीक घड्या घालून ताल पाडतात, आणि चेहरा, छाती, मांडी, पाय यांची मापे त्या घड्यांवरून घेतात. मेण, राळ आणि शेंगदाण्याचे तेल यांच्या मिश्रणाची मूर्ती हाताने घडवतात. तिच्यावर कावेरीच्या बारीक गाळाचा पातळ लेप, तो वाळला की वाळूमिश्रित जाड लेप, आणि मोठी मूर्ती असेल तर वरून लोखंडी तारा. गोवऱ्यांच्या आचेवर साचा तापवला की मेण वितळून भोकातून बाहेर येते. रिकाम्या झालेल्या जागेत वितळलेला धातू ओततात. त्यात मुख्यतः तांबे, शिवाय पितळ आणि शिसे, आणि नावापुरते चांदी-सोने. साचा निवला की फोडतात, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते. मग कानशी आणि छिन्नीने आठवडेच्या आठवडे काम चालते, आणि डोळे सर्वांत शेवटी उघडतात. पूजेची मूर्ती आतून पोकळ चालत नाही, भरीवच लागते. २०२३ मध्ये जी-२० परिषदेच्या वेळी दिल्लीच्या भारतमंडपापुढे उभारलेला २७ फुटांचा अष्टधातूचा नटराज स्वामिमलैच्या स्थपतींनी याच पद्धतीने केला. साच्याला लागणारा तो बारीक गाळ नदीने आणून टाकलेला. भाताला जी माती, तीच मूर्तीला.

स्वामिमलैजवळच तिरुवलंचुळीला श्वेतविनायक आहे. समुद्रमंथनातल्या फेसाची मूर्ती म्हणून तिला अभिषेक नाही, फक्त भीमसेनी कापराची पूड वाहतात. त्याच्या पुढची दगडी जाळी आवर्जून पाहण्यासारखी.

दारासुरमचे ऐरावतेश्वर दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधले. २००४ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत आले. मंडपाला दगडी चाके आणि घोडे जोडून त्याचा रथ केला आहे. भिंतीवर एकच मस्तक हत्तीचे आणि बैलाचेही होईल असे शिल्प आहे. पण ज्याने वेळ देऊन पाहावे ते गाभाऱ्याच्या भिंतीच्या तळाला आहे. तिथे शैव संतांच्या कथा लहान चौकटींत कोरल्या आहेत. सेक्किळार यांनी ‘पेरियपुराणम्’ हा संतचरित्रांचा ग्रंथ लिहिला तो राजराजाच्या वडिलांच्या, दुसऱ्या कुलोत्तुंगाच्या काळात. मुलाच्या काळात त्याच कथा दगडात आल्या. पुळ्ळमंगैच्या चौकटी पाहून मग या पाहाव्यात, म्हणजे सव्वादोनशे वर्षांत त्याच लहान आकारात कारागीर कुठून कुठे गेला ते कळते.

दारासुरमच्या दक्षिणेला पट्टीश्वरम आणि पळैयारै आहेत. पळैयारै ही चोळांची दुसरी राजधानी. पहिल्या राजराजाचे बालपण तिथल्या राजवाड्यात गेल्याचे मानतात. कल्कींची ‘पोन्नियिन सेल्वन’ ही कादंबरी आणि २०२२-२३ मधले तिच्यावरचे चित्रपट यांमुळे हे नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आले. वाडा मात्र पाहायला मिळत नाही. राजे स्वतःसाठी विटा-लाकडाची घरे बांधत आणि लांबून आणलेला दगड देवाला देत. राजे राहिले ते देवळांतच. पट्टीश्वरमजवळ पहिल्या राजेंद्राने आपल्या सावत्र आईच्या, पंचवन्मादेवीच्या स्मरणार्थ बांधलेले लहान शिवालय अजून उभे आहे. राजाने सावत्र आईसाठी बांधलेली अशी स्मारके इतिहासात विरळा. पट्टीश्वरमच्या मोठ्या देवळात नायकांचा मंत्री गोविंद दीक्षित आणि त्याची पत्नी यांच्या मूर्तीही आहेत.

या भागात फिरायला डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. इथला मोठा पाऊस ईशान्य मोसमी, ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. तो संपला की हवा निवळते आणि सांब्याची खाचरे भरलेली असतात. पोंगलच्या सुमारास कापणी सुरू होते. देवळे दुपारी १२ च्या सुमारास बंद होतात आणि ४ नंतर उघडतात, तेव्हा पानमळे, विणकर आणि मूर्तिकार यांच्यासाठी दुपार राखून ठेवावी. तंजावरची भोसल्यांची राजधानी आणि सरस्वती महाल पाहायला जाणाऱ्या मराठी वाचकाने परतीचे तिकीट दोन दिवस पुढचे काढावे, पापनाशम्‌ला उतरावे आणि पहिल्यांदा ते विटांचे कोठार पाहावे.